जुनी गाडी आणि थकलेला कर

मंडळी, शेत विकत घ्यायचे झाले तर तुम्ही काय करता? आधी सातबारा पाहता. त्यावर सोसायटीचा बोजा आहे का, कुणा भावाबहिणीचा हक्क राहिला आहे का, याची चौकशी करता. बैल घ्यायचा झाला तर त्याचे दात पाहता, चार पावले चालवून बघता. पण जुनी गाडी घेताना पुष्कळ लोक रंग पाहतात, टायर पाहतात, इंजिनाचा आवाज ऐकतात आणि विसार देऊन मोकळे होतात. कागद पाहायचे राहून जातात. त्यातही सगळ्यांत जास्त विसरला जातो तो कर.

हा कर म्हणजे काय? रस्त्यावर चालणाऱ्या मोटारगाडीवर राज्य सरकार कर घेते. आपल्या राज्यात त्यासाठी १९५८ सालचा मोटार वाहन कर कायदा आहे. घरची मोटार आणि मोटारसायकल यांचा कर नवी गाडी घेतानाच एकदम भरला जातो. मालवाहू टेम्पो, ट्रक, भाड्याची जीप यांपैकी पुष्कळ गाड्यांचा कर मात्र ठरलेल्या मुदतीने पुन्हा पुन्हा भरावा लागतो. थकबाकी होते ती बहुतेक अशाच गाड्यांची.

आता मुख्य गोष्ट नीट ध्यानात घ्या. गाडी विकली म्हणून तिचा थकलेला कर मागे राहत नाही. तो गाडीबरोबर येतो. जुन्या मालकाने कर भरला नसेल, तर तो भरण्याची जबाबदारी नव्या मालकावरही येते. जुना मालक सुटला असे नाही. पण गाडी आता तुमच्या दारात आहे. मग सरकारी माणूस कुणाकडे येणार? तुमच्याकडेच येणार.

“पण मी तर गाडी परवाच घेतली!” असे म्हणून भागत नाही. रस्त्यात तपासणी झाली आणि कर थकलेला निघाला, तर गाडी अडकवून ठेवतात. भाजीचा टेम्पो असला तर भाजी तिथेच सुकते. थकलेल्या करावर व्याज चढते. तरीही पैसे भरले नाहीत तर ही रक्कम शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे गोष्ट जमिनीपर्यंत जाते. म्हैस विकून, बायकोचे डोरले गहाण ठेवून ज्याने गाडी घेतली, त्याच्या पोटापाण्याचे साधनच असे कचेरीच्या आवारात उभे राहते.

विकणारा कधी कधी म्हणतो, “दादा, गाडी दोन वर्षं दारातच उभी होती. मग कर कसला?” हे बोलणे ऐकायला बरोबर वाटते, पण कायद्याला ते पुरत नाही. गाडी वापरायची नसेल तर तसे आधीच आरटीओ कचेरीला लिहून कळवावे लागते. कळवले नाही, तर गाडी वापरात होती असेच धरतात आणि कर चालू राहतो. तेव्हा त्याला विचारा, “मामा, तसं कळवल्याचा कागद दाखवा.” कागद असेल तर उत्तम. नसेल तर त्या दोन वर्षांचा कर बाकी आहे असे समजूनच पुढचे बोला.

दुसरी एक पळवाट लोक काढतात. स्टॅम्प पेपरवर लिहून घेतात की मागचा सगळा कर विकणाऱ्याने भरायचा. असा कागद करायला हरकत नाही. पण तो तुमच्या दोघांतला करार झाला. सरकार त्याने बांधले जात नाही. कर आधी तुम्हाला भरावा लागेल आणि मग त्या कागदाच्या जोरावर विकणाऱ्याकडे पैसे मागावे लागतील. तो देईल, नाही तर कोर्टाची पायरी. माझ्या मते यापेक्षा सौदा होण्याआधीच हिशेब करणे शहाणपणाचे.

तो हिशेब कसा? समजा, टेम्पोची किंमत १,५०,००० रुपये ठरली. चौकशी केल्यावर कळले, की कर १८,००० रुपये थकला आहे आणि व्याज व दंड मिळून ७,००० रुपये होतात. एकूण २५,००० रुपये. (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.) तुम्ही गप्प राहिलात तर टेम्पो तुम्हाला १,७५,००० रुपयांना पडला. बोललात तर २५,००० रुपये त्याच गाडीच्या नंबरावर भरायचे, पावती घ्यायची आणि विकणाऱ्याच्या हातात उरलेले १,२५,००० रुपये द्यायचे. पैसे त्याच्या हातात देऊन “तुम्ही भरा” असे म्हणू नका.

कर थकला आहे हे कळायचे कसे? पूर्वी यासाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला खेटे घालावे लागत. आता केंद्र सरकारच्या ‘परिवहन’ या संकेतस्थळावर गाडीचा नंबर घातला, की कर कुठपर्यंत भरला आहे, विमा आणि पासिंग कधी संपते, गाडीवर बँकेचे कर्ज आहे का, हे दिसते. स्वतःला जमत नसेल तर घरच्या शिकत्या पोराला सांगा. मात्र वाचून तुम्हीच घ्या. आता तुम्हाला वाचता येते. आकडे, तारीख आणि नाव या तीन गोष्टी आरसी बुकाशी ताडून पाहा. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवर जाऊन पाहा. शंका आली तर विसार देण्याआधी आरटीओ कचेरीत जाऊन विचारा.

शेजारच्या राज्यातली गाडी स्वस्त मिळते म्हणून सीमेवरच्या गावांतले लोक ती आणतात. अशा गाडीचा कर तिकडे भरलेला असतो, इकडे नाही. तिकडच्या कचेरीचा ना हरकत दाखला आणावा लागतो आणि गाडीच्या वयाप्रमाणे इथला कर भरावा लागतो, मग नवा नंबर मिळतो. तिकडे भरलेल्या कराचा काही भाग परत मागता येतो, पण त्यासाठी अर्ज तिकडेच करावा लागतो. स्वस्ताई यात बरीचशी जिरते. १५ वर्षांवरच्या खाजगी गाडीचेही असेच. तिची नोंदणी पुन्हा करावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो.

सगळे ठीक निघाले, की गाडी नावावर करून घ्या. नुसत्या टीटी फॉर्मवर सह्या घेऊन तो पेटीत ठेवणारे लोक आहेत. त्याने काही होत नाही. विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ देऊन आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० देऊन कचेरीला कळवायचे असते. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ लागतो. मालक वारला असेल तर वारसाने आधी गाडी आपल्या नावावर करून घ्यायची, त्याचा फॉर्म ३१. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या.

विकणाऱ्यांनीही हे वाचावे. गाडी दिली, पैसे घेतले, पण नाव बदलले नाही, तर कचेरीच्या वहीत मालक तुम्हीच राहता. पुढे त्या गाडीने अपघात केला तर? एक गाडी अशीच नाव न बदलता हातोहात विकली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिला, की ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे, भरपाईची जबाबदारी त्याचीच. म्हणून फॉर्म २९ दिल्याची पोच घ्या. गाडी कोणत्या दिवशी, किती वाजता ताब्यात दिली, तेही लिहून दोघांच्या सह्या घ्या.

आरसी बुकावर नवे नाव चढायला काही दिवस लागतात. तोवर कराची पावती आणि कचेरीची पोच यांची एकेक नक्कल गाडीत ठेवावी, अस्सल कागद घरी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवावेत.