पहारेकऱ्याला झोपवायचं कसं?

टीव्हीच्या रिमोटमध्ये दोन सेल असतात. दोघांचे मिळून 3 व्होल्ट. छातीच्या कातडीखाली बसवलेल्या डिफिब्रिलेटरच्या बॅटरीचा जोरही साधारण तेवढाच! पण हृदय ताल सोडून नुसतं थरथरायला लागलं, की काडेपेटीहून जराशी मोठी ही डबी दहाएक सेकंदांत 700-800 व्होल्ट जमवते आणि असा दणका देते, की ठेका परत येतो. मिशेल मिरोव्स्की यांच्या खटपटीतून 1980 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ती पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसली. तेव्हा ती इतकी जड होती, की पोटात ठेवावी लागे.

आता अशा माणसाचा एमआरआय काढायची वेळ आली तर? कित्येक वर्षं उत्तर एकच होतं : नाही म्हणजे नाही.

भीती कसली? चुंबक डबीच ओढून काढेल, असं आधी मनात येतं. नेहमीच्या एमआरआयचं चुंबक 1.5 टेस्लाचं, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30,000 पट. पण डबीचं कवच टायटॅनियमचं. त्याला चुंबकाचं सोयरसुतक नाही. खरी मेख आहे डबीतून हृदयात उतरणाऱ्या तारेत, म्हणजे लीडमध्ये.

छपरावरचे दूरदर्शनचे अँटेना आठवतात? दांड्यांची लांबी लहरीशी जुळली, की हवेतली लहर धातूत शिरते. एमआरआय शरीरावर सुमारे 64 मेगाहर्ट्‌झच्या रेडिओलहरी सोडतो. हवेत त्यांची लांबी साडेचार मीटरच्या वर. पण पाण्याने भरलेल्या शरीरात ती आक्रसून अर्ध्या मीटरच्या घरात येते. आणि लीड केवढी? साधारण 60 सेंटिमीटर! म्हणजे हृदयात आपणच अँटेना लावून बसलो की! पकडलेली ऊर्जा उतरते तारेच्या मोहरीएवढ्या टोकाशी, आणि ते टोक टेकलेलं असतं थेट हृदयाच्या स्नायूला. तिथे चटका बसला तर?

उपाय निघाला तो तारेच्या वेटोळ्यातून. ते असं वळायचं, की रेडिओलहरींची वेगवान ये-जा त्यात अडखळते, पण हृदयाचा संथ ठोका आरामात पार होतो. तार तीच, एकाला भिंत, दुसऱ्याला वाट!

डबीच्या पोटातली गंमत तर आणखी न्यारी. 3 व्होल्टचे 750 करणारा ट्रान्सफॉर्मर चालतो चुंबकत्वावरच. एमआरआयच्या शेजारी त्याचा गाभा आधीच चुंबकत्वाने काठोकाठ भरतो. मग शॉक जमणार कसा? वर यंत्राच्या धडधडीने लीडमध्ये उमटणारी खरखर डबीला हृदयाची थरथर वाटू शकते. नसत्या संकटाला धावायचं आणि बॅटरी फुकट घालवायची!

म्हणून डबीतल्या या पहारेकऱ्याला आधी झोपवतात. ‘एमआरआय मोड’मध्ये तो थरथर शोधणं आणि शॉक देणं थांबवतो, गरज असल्यास फक्त ठरावीक ठोके देत राहतो. अमेरिकेत एमआरआयला चालणाऱ्या पहिल्या डिफिब्रिलेटरला सप्टेंबर 2015 मध्ये मान्यता मिळाली. 2017 मध्ये तिथल्याच एका अभ्यासाने तर जुन्या, मान्यता नसलेल्या पेसमेकर-डिफिब्रिलेटरांचे 1500 स्कॅन तपासले : स्कॅनदरम्यान एकही मृत्यू नाही. एक डबी तेवढी लगेच बदलावी लागली. तिला आधी नीट झोपवलंच नव्हतं!

डबी झोपलेली असेतोवर पहारा कोणाचा? काचेपलीकडे ईसीजीवर डोळा ठेवून बसलेल्या माणसांचा. शॉक देणारं बाहेरचं यंत्रही तयार असतं, पण दाराबाहेर. चुंबकाजवळ त्यालाही मज्जाव. स्कॅन संपला, की डबी जागी करायची, लीड तपासायची, आणि मगच पेशंटला म्हणायचं, काका, आता शर्ट घाला.