इंग्लिश बेची रात्रपाळी

गोवा घेणारा अफोंसो द अल्बुकर्क आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतो. गोव्यावर पोर्तुगीज निशाण लागलं १५१० साली. त्याच्या सात वर्षं आधी, भारताकडे येताना, हा दर्यावर्दी दक्षिण अटलांटिकमधल्या एका ओसाड ज्वालामुखी बेटापाशी पोचला होता. दिवस येशूच्या स्वर्गारोहणाचा, म्हणून बेटाचं नाव पडलं असेन्शन. जेमतेम ८८ चौरस किलोमीटरचं हे बेट. आफ्रिकेचा किनारा तिथून सोळाशे किलोमीटरवर, ब्राझीलचा त्याहून लांब. काळा खडक आणि बेताचंच गोडं पाणी. माणसाने वस्ती करावी असं तिथे फारसं काही नव्हतं. रेडिओला मात्र ही जागा फार सोयीची निघाली.

१९६६ पासून बेटाच्या उत्तर टोकाला, इंग्लिश बे इथे, बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचं रिले केंद्र आहे. लंडनमध्ये बोललेला शब्द इथे येतो आणि अडीचशे किलोवॉटच्या ट्रान्समीटरमधून आफ्रिकेकडे रवाना होतो. सुरुवातीच्या काळात तो शब्दसुद्धा लघुलहरींवरूनच पकडावा लागे. उपग्रह पुढे आला. उत्तर नायजेरियातल्या खेड्यात हाउसा भाषेतल्या बातम्या ऐकणाऱ्याला निवेदकाचं नाव पाठ असतं. इंग्लिश बेला त्या रात्री पाळीवर कोण होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. मला त्या पाळीवरच्या माणसाबद्दल सांगायचं आहे.

एवढा मोठा ट्रान्समीटर बटण दाबल्याबरोबर बोलू लागत नाही. व्हॉल्व्हला थंड ठेवणारी यंत्रणा सुरू आहे याची आधी खात्री करावी लागते, त्याचा तंतू तापवावा लागतो, मग हजारो व्होल्टचा दाब चढवायचा. फ्रिक्वेन्सी बरोबर आहे ना, ठरलेलीच अँटेना जोडली आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहायचं. जोडणीत गफलत झाली तर सोडलेली शक्ती उलट फिरून यंत्रावरच येते. हे सगळं कार्यक्रमाच्या काही मिनिटं आधी उरकलेलं असतं. मग हवेत असते ती नुसती वाहक लहर, आवाजाविना. दूर कुठे तरी रेडिओच्या बटणावर बोट ठेवून बसलेल्या माणसाला खरखर एकाएकी दबल्याचं जाणवतं. इथे मीटरचा काटा थरथरतो, आणि बातम्या सुरू होतात.

त्यात आकाशाची मर्जी सांभाळायची. लघुलहरी ज्या थरावरून परावर्तित होऊन लांब जातात, तो थर सूर्याच्या तालावर चालतो. दिवसा वरच्या फ्रिक्वेन्सी कामी येतात, रात्री खालच्या. सूर्य कलला की दोन कार्यक्रमांच्या मधल्या थोडक्या वेळात फ्रिक्वेन्सी बदला, अँटेना बदला, पुन्हा जुळवा. शिवाय मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जगभरच्या लघुलहरींचं वेळापत्रकच नव्याने लागू होतं.

आणि खारा वारा. कोकणात किनाऱ्याला ज्याचं घर आहे, त्याला दाराची कडी किती लवकर गंजते हे सांगायला नको. इथे मनोऱ्यांच्या मधे ताणलेल्या तारांचे पडदेच्या पडदे वर्षभर त्या वाऱ्यात उभे असतात. इन्सुलेटरवर मिठाचा थर चढला की त्यावरून ठिणगी उडू शकते. पुसणं, घासणं, बदलणं याला अंत नाही.

बाहेरून वीज आणायची सोयच नव्हती, म्हणून केंद्राने स्वतःचं वीजघर बांधलं. कित्येक वर्षं साऱ्या बेटाची वीज तिथूनच येई. समुद्राचं पाणी गोडं करून तेही बेटाला पुरवलं जाई. आफ्रिकेतल्या बातम्या आणि शेजारच्या घरातला नळ, दोन्ही याच लोकांच्या भरवशावर.

मग १९८२ साल आलं. फॉकलंडच्या युद्धासाठी ब्रिटिश जहाजं आणि विमानं याच बेटावरून दक्षिणेला जात होती. मे महिन्यात ब्रिटिश संरक्षण खात्याने इंग्लिश बेचा एक ट्रान्समीटर ताब्यात घेतला आणि त्यावरून अर्जेंटिनाच्या सैनिकांसाठी स्पॅनिशमध्ये ‘रादियो आत्लांतिको देल सूर’ सुरू केला. बीबीसीला ते रुचलं नाही, पण तसा अधिकार सरकारने स्वतःकडे राखलेला होता. वर्ल्ड सर्व्हिसचा पैसा तेव्हा परराष्ट्र खात्याकडून येई, २०१४ पर्यंत तसाच येत राहिला. शब्द मात्र संपादकांचा, असा रिवाज होता. त्या काही आठवड्यांत एकाच आवारातून बातमीही जात होती आणि युद्धाचा प्रचारही. वृत्तसंस्थेच्या स्वातंत्र्याची चर्चा आपण संपादकाच्या खोलीपुरती करतो. सरकारने हात घातला तो थेट यंत्राला, आणि माझ्या मते खरी नाडी तिथेच आहे. प्रक्षेपणाची यंत्रणा कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न संपादक कोण आहे याइतकाच मोठा आहे.

१९९७ मध्ये बीबीसीची प्रक्षेपणाची यंत्रणा खाजगी कंपनीकडे गेली. बेटावरचे बरेचसे कामगार सेंट हेलेनाचे, म्हणजे समुद्रातून तेराशे किलोमीटर लांबचे. त्यांच्यातल्या कित्येकांनी ऐन उमेदीची वर्षं इथे घातली, टू बोट्स गावातल्या शाळेत मुलं शिकवली. पण असेन्शनवर कायम राहण्याचा हक्क कुणालाच नाही. करार संपला की बेट सोडायचं, आणि पाळी पुढच्या माणसाच्या हवाली करायची.