चुलीची परीक्षा

१९८१ साली गुजरातेतल्या काही खेड्यांत स्वयंपाकाला बसलेल्या बायकांच्या अंगावर एक लहानसा पंप अडकवलेला होता. चुलीपुढे बसून त्या जी हवा नाकातून आत घेत, तीच हवा हा पंप गाळणीच्या कागदातून ओढून घेई. स्वयंपाक उरकला की तो कागद वजनकाट्यावर जाई. कर्क स्मिथ हे अमेरिकन संशोधक आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी केलेल्या या मोजणीत घनमीटरभर हवेत सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम कण निघाले. आज आपल्याकडे बाहेरच्या हवेतल्या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. ही दोन मोजमापे अगदी एका जातीची नाहीत. तेव्हा लहानमोठे सगळेच कण मोजले होते आणि तेही स्वयंपाकाच्या वेळेपुरते. तरीसुद्धा दीडशेपटीच्या पुढे जाणारे अंतर मोजमापाच्या फरकाने झाकले जात नाही.

तोवर हवेचे प्रदूषण म्हटले की गिरणीची चिमणी, मोटारींचा धूर, शहरावरचे धुके हेच डोळ्यांसमोर येई. यंत्रे बसत ती सरकारी कचेऱ्यांच्या गच्चीवर. स्मिथ यांचा मुद्दा साधा होता: धूर किती निघाला यापेक्षा तो कोणाच्या छातीत किती गेला ते मोजा. कारखान्याचे धुराडे टनावारी धूर सोडते, पण त्याच्या तोंडाशी कोणी बसलेले नसते. चूल सोडते ती ग्रॅमांनी, पण फुंकणी हातात धरून बाई तिच्यापासून हातभर अंतरावर असते आणि पोर तिच्या पाठीला किंवा मांडीवर. स्मिथ २०२० साली गेले. मधल्या चाळीस वर्षांत त्यांनी हा एकच विषय सोडला नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० सालचे घरातल्या धुरामुळे झालेले मृत्यू ३२ लाखांच्या घरात मोजले, त्यामागे त्यांनी घालून दिलेली रीत आहे.

डॉक्टरांना याचा वास आधीच लागला होता. दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांच्याकडे १९५० च्या दशकात अशा बायका येत, ज्यांच्या हृदयाची उजवी बाजू फुफ्फुसांच्या आजाराने थकलेली असे. पाश्चात्त्य पुस्तकांप्रमाणे हा आजार विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा. या बायकांनी तर कधी विडीला हात लावलेला नव्हता. पद्मावतींनी बोट दाखवले ते चुलीकडे. त्यांचा निबंध १९५९ साली प्रसिद्ध झाला. २००९ साली पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या दम्यासारख्या चिवट फुफ्फुसविकाराचा आढावा घेतला, तेव्हाही हा विकार म्हणजे सिगारेटच, हा समज पुरता गेलेला नव्हता. मधे पन्नास वर्षे गेली. रोगी गरीब, बायका आणि खेड्यातल्या असल्या की वैद्यकशास्त्राचे घड्याळ सावकाश चालते, असे म्हटले तर कोणा डॉक्टराने रागावू नये.

इंजिनिअरांनी मात्र घाई केली होती. वर्ध्याच्या मगनवाडीत, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या आवारात, १९४० च्या दशकात ‘मगन चूल’ तयार झाली. जमिनीशी बसणारी, माती-विटांची, दोन-तीन भांडी घेणारी आणि धुराडे असलेली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी अशीच चूल घडवली आणि १९५३ मध्ये लाखोंच्या स्वयंपाकघरांतून धूर घालवण्याविषयी एक पुस्तिका लिहिली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांनी १९७४ साली ग्रामीण तंत्रज्ञानाचा ‘अस्त्र’ हा विभाग सुरू केला, तिथूनही एक तीन भांड्यांची चूल आली. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी केंद्र सरकारने सुधारित चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ साली तो बंद होईपर्यंत साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या गेल्या. आकड्यात काही खोट नाही. त्यातल्या किती चुली दुसऱ्या पावसाळ्यानंतर पेटत होत्या, हा प्रश्न वेगळा. धुराड्यात काजळी साचते, ते कोणीतरी छपरावर चढून साफ करावे लागते. शेणामातीचा लेप तडकतो. चूल सारवणारीला नळी दुरुस्त करता येत नाही आणि अनुदान देणाऱ्याच्या वहीत दुरुस्तीचा रकाना नसतो.

शिवाय चूल हे वरवर दिसते तितके साधे यंत्र नाही. लाकूड स्वतः जळत नाही. ते तापले की त्यातून वायू सुटतात आणि जळतात ते हे वायू. त्यांना पुरेशी उष्णता, पुरेशी हवा आणि ज्योतीत थोडा वेळ मिळाला तर ते पूर्ण जळतात. यातले काही कमी पडले की जे न जळता निसटते तो धूर. म्हणजे धूर हे वाया गेलेले जळणच. यावरून कोणालाही वाटेल की जळण वाचवणारी चूल धूरही कमी करील. इथेच गोम आहे. जळण वाचवायचे तर भांडे विस्तवाच्या जवळ आणायचे, जाळ भांड्याला चाटून गेला पाहिजे. पण भांड्याचे थंड बूड जाळाला भिडले की ज्योत अर्धवट विझते आणि काजळी वाढते. हवा कोंडून जाळ मंद केला तर लाकूड पुरते, पण धूर दाटतो. तीन दगडांची चूल उष्णतेचा जेमतेम १० ते १५ टक्के भाग भांड्याला देते. तो भाग दुप्पट करूनही दर किलो लाकडामागे जास्त धूर काढणारी ‘सुधारित’ चूल बनवता येते, आणि तशा बनल्याही.

हे समजायला वेळ लागला, कारण परीक्षकच वेगळे होते. १९७० च्या दशकात भीती होती ती जंगले संपण्याची, म्हणून चुलीला एकच प्रश्न विचारला जाई: लाकूड किती वाचवलेस? १९९० नंतर डॉक्टर आले, त्यांनी फुफ्फुसांचा पेपर काढला. त्यानंतर हवामानवाले आले. तेच यंत्र, दर वीस वर्षांनी नवा अभ्यासक्रम.

प्रयोगशाळेतली चाचणी तर आणखीच मजेशीर होती. ठरावीक पाणी भांड्यात घ्यायचे, उकळायचे आणि मग काही वेळ मंद आचेवर ठेवायचे. जगभर चुलींची प्रमाणपत्रे पाणी उकळून दिली गेली. कुठलीही सुगरण हसेल. भाकरीला आधी तव्याखाली सगळीकडे सारखा जाळ लागतो, मग तवा उतरवून ती आरावर शेकायची असते, तेव्हा कुठे टम्म फुगते. शेजारच्या वैलावर तेवढ्यात आमटी मुरते, तिला जाळ नकोच असतो. खाली निखाऱ्यात वांगे भाजत असते. जळणही एका जातीचे नसते: विदर्भात पऱ्हाटी आणि तुराट्या, उसाच्या पट्ट्यात पाचट, इतरत्र गोवऱ्या, पावसाळ्यात जे ओलेसुके हाती लागेल ते. एका भांड्याची, एकाच मापाच्या काटक्या घेणारी, टेबलावर ठेवायची चकचकीत चूल या घरात शिरली की चहा-पाण्यापुरती होते. जुनी चूल जागची हलत नाही. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेचे काम मला म्हणूनच मोलाचे वाटते. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेने शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या पाचटाचा कोळसा केला, त्यासाठी २००२ साली तिला अॅश्डेन पारितोषिक मिळाले. त्या कोळशावर वाफेने डाळ-भात शिजवणारा ‘सराई’ कुकरही तिथलाच. आधी हाताशी काय जळण आहे ते पाहिले, मग चूल. भाकरीचा प्रश्न तिथेही सुटला नाही, हे सांगायला हवे.

आता परीक्षेचा मुख्य पेपर. औषधाची जशी चाचणी घेतात तशी चुलीची घ्यायची: चिठ्ठ्या टाकून अर्ध्या घरांना नवी चूल द्यायची, उरलेल्यांना नंतर, आणि मधल्या काळात कोण किती आजारी पडते ते पाहायचे. अशी पहिली मोठी चाचणी ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात ५३४ घरांत झाली, तिचा निकाल २०११ साली आला. धुराडे असलेल्या चुलीने बाळांच्या अंगावर येणारा धूर निम्म्यावर आला. डॉक्टरांनी निदान केलेला एकूण न्यूमोनिया मात्र संख्याशास्त्राला मान्य होईल इतका घटला नाही. गंभीर न्यूमोनिया सुमारे एक-तृतीयांशाने घटला. आशा धरावी असा निकाल.

मग मलावी. १५० वस्त्या, दहा हजारांहून अधिक मुले, घरटी पंख्याच्या दोन चुली आणि त्या चार्ज करायला सौर पट्टी. २०१७ मध्ये निकाल आला: न्यूमोनियात काहीच फरक नाही. चुली बिघडत होत्या, आणि धूर काही एकट्या चुलीचा नव्हता. कचरा जळत होता, शेजारच्या घरातली जुनी चूल पेटत होती.

मग संशोधकांनी अर्धवट उपाय सोडून दिले. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत सुमारे ३,२०० गरोदर बायका निवडल्या आणि निम्म्या घरांना गॅसची शेगडी व १८ महिने पुरेल इतका गॅस फुकट, घरपोच दिला. भारतातले केंद्र तामिळनाडूत होते आणि ते काम चेन्नईच्या डॉ. कल्पना बालकृष्णन यांच्या गटाने सांभाळले. आधीच्या चाचण्यांतल्या सगळ्या सबबी इथे संपत होत्या. बायकांनी गॅस खरोखर वापरला. चुलीवरच्या गटाच्या वाट्याला सूक्ष्म कण घनमीटरला ७१ मायक्रोग्रॅमच्या आसपास येत, गॅसच्या गटाच्या वाट्याला २४. आणि बाळांचे जन्मवजन? दोन्ही गटांत फरक जेमतेम २० ग्रॅमचा, तोही योगायोगाने पडू शकेल असा. २०२२ साली हा निकाल छापून आला. पुढे न्यूमोनिया आणि उंचीची वाढ यांतही फरक दिसला नाही.

या निकालाने अनेकांचे चेहरे पडले. मला वाटते, या क्षेत्राने केलेले सर्वात प्रामाणिक काम हेच. कोट्यवधी रुपयांचे प्रयोग ‘नाही’ असे उत्तर देऊन संपले आणि ते ‘नाही’ जगातल्या सर्वात वजनदार वैद्यकीय नियतकालिकांत जसेच्या तसे छापले गेले. आता त्या ‘नाही’चा अर्थ लावणे सुरू आहे. चाचणीत बायका आल्या त्या गरोदरपणाचे नऊ ते वीस आठवडे उलटल्यावर; त्याआधीचा धूर आत गेलेलाच होता. पद्मावतींच्या रोग्यांसारखे विकार जडायला वीस-तीस वर्षे लागतात, दीड वर्षाची चाचणी त्यांच्याबद्दल बोलूच शकत नाही. आणि धूर व आजार यांचे नाते सरळ रेषेत चालत नाही. धूर फार असतो तिथे तो निम्मा केला तरी आजाराचा धोका थोडाच उतरतो. खरी उतरण सुरू होते ती हवा जवळपास स्वच्छ झाल्यावर. म्हणजे अर्ध्या सुधारणेचे अर्धे फळही मिळत नाही. सुधारित चुलीवर पन्नास वर्षे खर्ची घातलेल्यांना हे पचवणे जड आहे.

पर्यावरणाच्या बाजूने मात्र चुलीवरचा आरोप पक्का होत गेला. मुंबईच्या आयआयटीतल्या प्रा. चंद्रा वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ‘सायन्स’मध्ये दाखवले की भारतातून हवेत जाणाऱ्या काळ्या काजळीचा सर्वात मोठा उगम घरगुती चुली आहेत. त्यांच्याच पुढाकाराने झालेल्या २०१८ च्या अहवालात बाहेरच्या हवेतल्या सूक्ष्म कणांपैकी सुमारे एक-चतुर्थांश वाटा घरांत जळणाऱ्या लाकूड-गोवऱ्यांचा निघाला. गच्चीवरच्या यंत्रात शेवटी चुलीचा धूर सापडलाच. पण याच दारातून व्यापारही आत आला. नव्या चुली वाटायच्या, वाचलेल्या कार्बनचे दाखले बनवायचे आणि परदेशी कंपन्यांना विकायचे. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातील संशोधकांनी हे हिशेब तपासले, तेव्हा नमुन्यातल्या प्रकल्पांनी प्रत्यक्षाच्या सुमारे नऊपट बचत दाखवल्याचे आढळले. जुनी चूल पूर्ण थांबली असे गृहीत धरले की कागदावर कार्बन वाचतोच.

चूल थांबते का, हे पाहायला समाजशास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ सगळ्यांत शेवटी आले, हे दुर्दैव. ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी एकदा चुली वाटून न थांबता चार वर्षे घरोघर पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी छातीत जाणारा धूर कमी झाला, पुढे तो फायदा विरून गेला; लोक चूल कधीमधी वापरत आणि मोडली की तशीच ठेवत. इतर ठिकाणी संशोधकांनी बटणाएवढे तापमापक चुलींना चिकटवले. तोंडी उत्तरांत रोज पेटणारी नवी चूल तापमापकाच्या नोंदीत बरेच दिवस थंडच निघे. घरी आलेल्या पाहुण्याला नाराज करू नये, एवढाच त्यामागचा हेतू असावा.

सरकारने २०१६ च्या १ मे रोजी बलियातून उज्ज्वला योजना सुरू केली आणि चुलीशी खेळत बसण्यापेक्षा गॅसच द्यायचा ठरवला. ८ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबादेत दिली गेली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वच्छ इंधन वापरणारी घरे ५८.६ टक्क्यांवर गेली, चौथ्यात ती ४३.८ होती. खेड्यांत मात्र निम्म्याहून कमी. २०१९ मध्येच कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्याचा एक अभ्यास आला. त्यात कोणाला काही विचारलेच नव्हते. थेट वितरकांच्या विक्रीच्या नोंदी वाचल्या होत्या. उज्ज्वलातल्या घरांची सिलिंडरे इतर ग्रामीण ग्राहकांच्या निम्म्याच्या आसपास होती आणि शेतीचे काम नसलेल्या महिन्यांत, हातात रोकड नसताना, विक्री आणखी घटत होती. अंगणातले सरपण त्या महिन्यांतही फुकट असते. ते गोळा करायला जाणाऱ्या बाईच्या वेळेचा दर कुठल्याच वितरकाच्या वहीत नव्हता.