कौशल्याचा खेळ आणि घरचा हिशेब

सिल्लोडच्या बाजारात मका आणि हिरवी मिरची उतरते, तेव्हा भाव काय फुटेल हे जाणत्या शेतकऱ्यालाही सांगता येत नाही. वाण, पाणी आणि खत यांचे ज्ञान कितीही असले तरी कौशल्याने जोखीम टळत नाही, हे शहाणपण या तालुक्याने पिढ्यान्‌पिढ्या किंमत मोजून मिळविले आहे. त्याच तालुक्यातील तरुणाला मोबाइलवरून मात्र अनेक वर्षे निराळे सांगितले जात होते : खेळाची जाण असेल तर पैसा तुमचाच. हे सांगणाऱ्यांत अग्रभागी होती मुंबईची ‘ड्रीम इलेव्हन’. तिचे एक संस्थापक हर्ष जैन यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन अशा गावाच्या अनुभवावर घासूनच करावयास हवे.

2008 साली जैन यांनी भावित शेठ यांच्यासह हा उद्योग उभारला. सामन्यापूर्वी प्रत्यक्ष खेळणाऱ्या खेळाडूंतून अकरा जणांचा काल्पनिक संघ निवडावयाचा आणि मैदानावरील त्यांच्या कामगिरीनुसार गुण मिळवावयाचे, असा हा खेळ. त्याला निव्वळ मटका म्हणणे अन्यायाचे होईल. संघनिवडीला अभ्यास लागतो, हे 2017 साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने आणि 2019 साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केले. कौशल्याची स्पर्धा आणि जुगार यांतील भेद तर सर्वोच्च न्यायालयाने 1957 सालीच चमारबागवाला खटल्यात मांडला होता. जैन यांची बाजू कायद्याच्या दृष्टीने पोकळ नव्हती.

परंतु न्यायालयापुढचा प्रश्न वेगळा आणि घरातला वेगळा. प्रवेशशुल्काच्या एकत्रित रकमेतून कंपनी आपला वाटा काढून घेई आणि उरलेल्यातून बक्षिसे दिली जात. म्हणजे सर्व खेळणाऱ्यांनी मिळून जेवढे भरले, त्याहून कमीच त्यांच्याकडे परत येणार, हे गणित आरंभीच ठरलेले. कौशल्याने कोण जिंकणार हे बदलेल. बहुतेकांनी हरावयाचे, हे बदलत नाही. जाहिरातीत मात्र जिंकणाराच दिसे. 2020 साली 222 कोटी रुपये मोजून ‘ड्रीम इलेव्हन’ने आयपीएलला आपले नाव दिले आणि 2023 साली ते भारतीय संघाच्या गणवेशावर आले. ज्या खेळाडूंवर पोरांचा जीव, त्यांच्याच छातीवर हे आमंत्रण झळकू लागले. जैन यांच्यावरील खरा आक्षेप येथे आहे.

हा दोष त्यांच्या एकट्याच्या पदरी घालणे मात्र सोयीचे असले तरी प्रामाणिक नाही. क्रिकेट मंडळाने पैसा घेतला. शासनाने 1 ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के कर लावला. त्याच शासनाने ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पंचेचाळीस कोटी लोक वर्षाला सुमारे वीस हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचाच अंदाज होता. हे अरिष्ट एका रात्रीत उद्भवले नव्हते. कायदा होताच काही कंपन्यांनी न्यायालय गाठले. जैन यांनी पैशांच्या स्पर्धा थांबवून विनामूल्य खेळाची वाट धरली. उत्पन्नाचा बहुतेक भाग गमावूनही संघर्ष न करण्याचा हा निर्णय त्यांच्या जमेच्या बाजूस मांडलाच पाहिजे.

लोकांना गुंतवून ठेवणारा खेळ घडविण्याची बुद्धी त्यांच्यापाशी होती, याविषयी वाद नाही. तो खेळ पैशाच्या आमिषावाचून कितपत टिकतो, यावर त्या बुद्धीचे खरे मोल ठरेल. बंदीने हाव नाहीशी होत नाही, हे साठच्या दशकापासून मटक्याने मुंबईला दाखविले आहे. म्हणूनच कायद्यापलीकडचे काम उरतेच. कौशल्य असूनही माणूस हरतो, हे सिल्लोडचा शेतकरी दर हंगामात पाहतो. त्याने ते आपल्या मुलाला वेळीच सांगणे, हा त्या कामाचा आरंभ होय.