बिलिबिनो : बर्फातल्या गावाची चूल

रशियाच्या ईशान्य टोकाला, चुकोत्का प्रांतात, बिलिबिनो नावाचे गाव आहे. १९५० नंतर या भागात सोने सापडले आणि खाणकामगारांची वस्ती उभी राहिली. जमीन बारमाही गोठलेली. हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली ४० अंशांपर्यंत उतरतो. रेल्वे नाही, जड माल हिवाळ्यातच बर्फावरच्या वाटेने येतो.

इतक्या दूर इंधन वाहून आणणे अवघड, म्हणून सरकारने अणुवीज केंद्र बांधले. १९७४ ते १९७६ या काळात प्रत्येकी १२ मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या सुरू झाल्या. खाणींना वीज मिळाली आणि भट्ट्यांच्या उष्णतेने तापवलेले पाणी नळांतून घराघरांत गेले. केंद्र म्हणजे साऱ्या गावाची चूलच!

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. कामे गेली, कुटुंबे निघाली. १९८९ ची पंधरा हजारांवरची लोकसंख्या २०१० पर्यंत साडेपाच हजारांवर आली. २०१९ मध्ये पहिली अणुभट्टी कायमची बंद झाली. २०२० पासून समुद्रकाठच्या पेवेक बंदरातील तरंगते अणुवीज केंद्र रीतसर वीज देऊ लागले. परंतु तारेवरून वीज दूर नेता येते, गरम पाणी तेवढे दूर नेता येत नाही. म्हणून जुनी चूल विझवण्याआधी नवी पेटवावीच लागते. मागे राहिलेल्या कष्टकऱ्यांच्या घरांतली ऊब त्यावरच अवलंबून आहे.