निव्वळ तंबाखू: पाकिटात काय नाही, धुरात काय आहे

‘गुटखा सोडला, आता फक्त साधी तंबाखू’ असं सांगणाऱ्याच्या आवाजात बहुधा सुटकेचा भाव असतो. विडी ओढणारा म्हणतो, विडीत आहेच काय, तेंदूचं पान आणि आत चिमूटभर तंबाखू. सकाळी मशेरी लावणाऱ्या बाईला तर ते व्यसन वाटतच नाही. घरच्या तव्यावर भाजून, डोळ्यांदेखत कुटलेली ती वस्तू असते. शहरात स्वतःची सिगारेट स्वतः वळणारा तरुण पुडीवरचा ‘नैसर्गिक’ हा शब्द दाखवतो. चौघांचं राहणीमान वेगळं, पण समजूत एकच: घातक असतं ते तंबाखूत मिसळलेलं, तंबाखू नव्हे. ही समजूत मूर्खपणाची नाही. दूध, तिखट, तेल घेताना आपण भेसळीलाच भितो आणि ते योग्यच आहे. पण ही कसोटी खाण्याच्या वस्तूंसाठी आहे. भेसळ काढली की दुधात दूध उरतं. तंबाखूतली भेसळ काढली की उरते ती तंबाखूच.

ती उरलेली तंबाखू म्हणजे काय, ते आधी पाहू. निकोटीन कुठल्या कारखान्यात तंबाखूत घातलं जात नाही. कीड आपल्याला खाऊ नये म्हणून हे झुडूप ते स्वतःच्या मुळांत तयार करतं आणि पानांत साठवतं. कृत्रिम कीटकनाशकं येण्यापूर्वी तंबाखूपासून काढलेलं निकोटीन सल्फेट शेतकरी पिकांवर फवारत असत. म्हणून ‘कीटकनाशक न फवारलेली सेंद्रिय तंबाखू’ या शब्दांतला दिलासा तपासून घ्यावा लागतो. फवारा बाहेरून आला नसला तरी पानात एक कीटकनाशक मुळातच असतं. ओल्या पानांची तोडणी करणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या, चक्कर असा त्रास होतो, तो कातडीतून शोषल्या गेलेल्या या निकोटीनमुळेच. पुढे पान वाळवताना आणि मुरवताना त्यातल्या नायट्रेटचं जिवाणूंमुळे नायट्राइट होतं, ते पानातल्या अल्कलॉइडांशी संयोग पावतं आणि नायट्रोसामाइनं तयार होतात. त्यांपैकी एनएनएन आणि एनएनके या दोघांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. ती कोणी मिसळत नाही. पान मुरतं तशी ती त्यात आपोआप तयार होतात. शिवाय जमिनीतलं कॅडमियम खेचून पानात साठवण्यात तंबाखू इतर अनेक पिकांच्या पुढे आहे, आणि पानांवरच्या चिकट लवेवर हवेतल्या रेडॉनपासून बनलेली किरणोत्सारी द्रव्यं बसतात, त्यातून पोलोनियम-२१० येतं.

हे झालं पेटवण्यापूर्वीचं. पेटवल्यावर गोष्ट आणखी बिघडते. तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रसायनं मोजली गेली आहेत आणि त्यांतली सुमारे ७० कर्करोग घडवणारी आहेत. हा आकडा ऐकला की ‘कंपन्या काय काय मिसळतात बघा’ असा अर्थ सहज काढला जातो, आणि तोच या विषयातला सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज आहे. ती ७,००० रसायनं पाकिटात भरलेली नसतात, ती काडी लावल्यावर जन्मतात. सिगारेटच्या जळत्या टोकाशी, झुरका घेताना, ९०० अंशांच्या आसपास तापमान जातं. तिथं कुठलंही पान अर्धवट जळालं तरी कार्बन मोनॉक्साइड, बेन्झोपायरीन, फॉर्माल्डिहाइड आणि डांबर निर्माण होणारच. चुलीचा धूर आठवावा. लाकडात किंवा गोवरीत कोणी काही मिसळलेलं नसतं, तरी बंद स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं चुलीपुढे बसणाऱ्या बायकांची फुप्फुसं त्या धुरानं निकामी होतात. व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूत तर साखरही मूळचीच भरपूर असते. जळताना तिच्यापासून ॲसिटाल्डिहाइड होतं, मग ती साखर कारखान्यानं घातलेली असो की पानातली.

यावर कोणी म्हणेल, हा रसायनशास्त्राचा तर्क झाला. प्रत्यक्षात शुद्ध तंबाखू ओढणाऱ्यांचं काय झालं, ते सांगा. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर देणारा एक फार मोठा प्रयोग इतिहासानं नकळत करून ठेवला आहे. ब्रिटनमध्ये तंबाखूवरचा कर बुडू नये म्हणून १९व्या शतकातच तिच्यात इतर पदार्थ मिसळण्यावर कडक कायदेशीर बंधनं आली आणि ती २०व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतांशी टिकली. इंग्रज माणूस ओढत होता ती सिगारेट मुख्यतः व्हर्जिनिया पानाची, जवळजवळ निर्भेळ होती. आज ‘नैसर्गिक’ म्हणून चढ्या भावानं विकली जाते तिच्याच जातकुळीची. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो ही सिगारेट ओढणाऱ्यांचा होता. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६४९ पुरुष रुग्णांत कधीही धूम्रपान न केलेले निघाले फक्त २. तुलनेसाठी घेतलेल्या, इतर आजारांच्या तितक्याच रुग्णांत ते २७ होते. पुढच्याच वर्षी या दोघांनी ब्रिटिश डॉक्टरांचा अभ्यास सुरू केला. ३४,००० हून अधिक पुरुष डॉक्टरांचा मागोवा ५० वर्षं घेतल्यावर २००४ साली निष्कर्ष आला, की आयुष्यभर सिगारेट ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षं आधी मेले. निर्भेळ तंबाखू सुरक्षित असती, तर ते सर्वांत आधी ब्रिटनमध्ये दिसलं असतं. उलट २०व्या शतकाच्या मध्याला ब्रिटिश पुरुषांमधलं फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी होतं.

आपल्याकडचा पुरावा याहून जवळचा आहे. विडीइतकी साधी तंबाखूची वस्तू दुसरी नसेल: ना कागद, ना स्वादाचा अर्क, ना ओलावा टिकवणारी रसायनं. तंबाखूही सिगारेटच्या मानानं कितीतरी कमी. पण तेंदूच्या पानाला कागदासारखी छिद्रं नसतात आणि विडी सारखी विझू पाहते, म्हणून ती जिवंत ठेवायला झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. परिणामी एवढ्याशा तंबाखूतून निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र भरपूर मिळतं. मुंबईत ३५ वर्षांवरच्या सुमारे १ लाख माणसांची नोंद करून नंतर त्यांच्यातल्या मृत्यूंचा हिशेब मांडला गेला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, तंबाखूला न शिवलेल्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी, तर विडी ओढणाऱ्यांचा ६४ टक्क्यांनी जास्त निघाला. विडी ओढणारे बहुधा अधिक गरीब असतात हे खरं, आणि गरिबी हेही मृत्यूचं कारण असतं. म्हणूनच शिक्षणासारख्या बाबींचा फरक वजा करून हे आकडे काढलेले आहेत. चघळण्याच्या तंबाखूचं तर गुटख्याच्या पुड्या बाजारात येण्याच्या कितीतरी आधी, १९५५ साली, मुंबईतले संशोधक संघवी, राव आणि खानोलकर यांनी तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशी असलेलं नातं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं होतं. तेव्हा लोक खात होते ती पानातली, चुन्याबरोबरची, आजोबा-पणजोबांची तंबाखू होती.

हे सगळं माहीत असताना ‘नैसर्गिक’ या शब्दाचा धंदा कसा झाला, ते अमेरिकेत दिसतं. न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथल्या कंपनीनं १९८२ साली ‘नॅचरल अमेरिकन स्पिरिट’ ही सिगारेट आणली आणि मिश्रणविरहित असणं हीच तिची ओळख केली. २००० साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं या कंपनीला जाहिरातीत स्पष्ट लिहायला लावलं, की मिश्रण नाही याचा अर्थ सिगारेट अधिक सुरक्षित असा होत नाही. ओळ छापली गेली, समजूत मात्र तशीच राहिली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सर्वेक्षणात या छापाची सिगारेट ओढणाऱ्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांना आपली सिगारेट इतरांपेक्षा कमी घातक असावी असं वाटत होतं. इतर छाप ओढणाऱ्यांत आपल्या छापाविषयी असं मानणारे ९ टक्केसुद्धा नव्हते. २०१५ साली अन्न व औषध प्रशासनानं ताकीद दिली आणि २०१७ साली झालेल्या करारानुसार कंपनीनं ‘मिश्रणविरहित’ हा शब्द सोडला. ‘नॅचरल’ नावात होता म्हणून नावात राहिला.

मग मिसळलेले पदार्थ निरुपद्रवी आहेत का? मुळीच नाहीत, आणि इथं नेमकेपणानं बोलायला हवं. त्यांचं मुख्य पाप विष वाढवणं हे नाही. विष सुसह्य करणं हे आहे. मेंथॉल घशाला थंडावा देतो, म्हणून नवख्या मुलाला पहिल्या झुरक्याला ठसका लागत नाही. अमोनियाची संयुगं धुराचा अल्कधर्मी गुण वाढवतात आणि निकोटीन मोकळं करतात. युरोपीय संघानं २०२० साली मेंथॉल सिगारेट बंद केली ती याचसाठी, आणि ते योग्यच झालं. पण हेच काम आपल्याकडे तळहातावर रोज होतं. तंबाखूत चुना घालून मळतात तेव्हा चुन्याच्या अल्कधर्मी गुणामुळे निकोटीन सुटं होतं आणि गालाच्या आतल्या पातळ कातडीतून झपाट्यानं रक्तात शिरतं. चिमूट तोंडात गेल्यावर लगेच तरतरी येते ती त्यामुळे. म्हणजे ‘साधी तंबाखू’ म्हणून जी खाल्ली जाते, ती मिश्रणविरहित नसतेच. कारखान्याऐवजी खाणारा स्वतः मिसळतो, एवढंच.

गुटख्याविषयीच्या समजुतीलाही इथंच उत्तर द्यायला हवं. महाराष्ट्रानं २०१२ साली गुटखा बंद केला, नंतर सुगंधित तंबाखूही, पण साधी तंबाखू टपरीवर उघड मिळते. त्यावरून ‘सरकारनं वाईट ते बंद केलं, बरं ते ठेवलं’ असा अर्थ काढणं स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ही बंदी अन्नसुरक्षा कायद्यातून आली. अन्नात तंबाखू किंवा निकोटीन असता कामा नये असा तिथला नियम आहे आणि गुटखा हा अन्नपदार्थात मोडतो. साधी तंबाखू अन्न मानली जात नाही म्हणून ती त्या नियमाबाहेर राहिली. कायद्याच्या या वर्गवारीत तंबाखूला प्रकृतीचं प्रशस्तिपत्र कुठेच नाही. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी: गुटख्यात सुपारी असते, आणि सुपारी स्वतंत्रपणे कर्करोग घडवते, तोंड आखडून न उघडण्याचा आजारही तिच्यामुळेच जडतो. गुटखा सोडून निव्वळ तंबाखूवर आलेल्या माणसानं सुपारीचा धोका खरोखर कमी केलेला असतो. तंबाखूचा मात्र पुरताच शिल्लक असतो.

सर्वांत टोकदार आक्षेप स्वीडनमधून येतो. तिथले पुरुष ‘स्नूस’ नावाची ओली तंबाखू ओठामागे ठेवतात, धूम्रपान कमी करतात आणि त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण युरोपात अत्यंत कमी आहे. म्हणजे तंबाखू-तंबाखूत फरक असतो हे सिद्धच होतं. असतोच. पण तो कशानं पडतो ते पाहण्यासारखं आहे. स्नूस जाळली जात नाही, आणि ती वाफेनं तापवून जिवाणू मारलेले असल्यामुळे तिच्यात नायट्रोसामाइनं आपल्याकडच्या चघळण्याच्या तंबाखूच्या मानानं फार कमी असतात. मिश्रण नसणं हे मात्र कारण नाही: तिच्यात मीठ, सोडा, स्वाद हे सगळं मिसळलेलं असतं. निकोटीनच्या च्युइंगगमचंही तसंच: ते पूर्णपणे कारखान्यातलं, गोडी आणि चव घातलेलं, आणि तरी कुठल्याही ‘शुद्ध’ पानापेक्षा किती तरी कमी घातक, कारण त्यात जळणारं पान नाही.

तेव्हा साध्या तंबाखूचा फायदा शोधू गेलं तर हाती लागते ती चव, आणि घशाला खुपणारा धूर, जो मेंथॉलसारखा फसवत नाही. तोट्याच्या बाजूला धोका जिथल्या तिथे, आणि वर एक भर: आपण काळजी घेतली आहे या समाधानात सोडायचं लांबणीवर पडतं. तो लांबणारा काळ वर्षांत मोजता येतो. ब्रिटिश डॉक्टरांच्या त्याच अभ्यासात तिशीत सिगारेट सोडणाऱ्यांना गमावली जाणारी जवळजवळ सगळी १० वर्षं परत मिळाली, चाळिशीत सोडणाऱ्यांना सुमारे ९, पन्नाशीत ६ आणि साठीत ३. छाप बदलणाऱ्यांसाठी असा कुठलाही आकडा आजवर कोणाला दाखवता आलेला नाही. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तो सिगारेट-विडीसाठी आहे, तसाच चिमटीतल्या तंबाखूसाठी आणि मशेरीसाठीही आहे.