बरं, मग तू काय करतेस?

उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आमच्या घोडेगावच्या घरात नुसती धांदल. अंगणात कुरडया, गच्चीवर पापड, चाळीत कांदा भरायची घाई, त्यात सुट्टीला आलेली पुतणेमंडळी. यंदा या सगळ्यात एका गोष्टीची भर पडली, ती म्हणजे वीस बाजूंच्या फाशाची!

झालं असं, माझी लेक इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष अर्धवट टाकून मार्चमध्ये घरी आली. ‘मला नाही जमत,’ एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. इंजिनीअरिंगचं ठरवलं होतं मी. त्यामुळे खोदून विचारायला तोंडही नव्हतं. हाक मारली की जेवायला यायची, ताट धुऊन ठेवायची, पुन्हा खोलीत. एक दिवस तिची बॅग आवरताना एक छोटी पिशवी हाताला लागली. आत सात रंगीत फासे. चार बाजूंचा, सहा बाजूंचा, थेट वीस बाजूंचासुद्धा. माझ्या पोटात गोळाच आला. म्हटलं, पोरगी जुगार तर खेळत नाही ना? भीतभीत विचारलं, तर महिन्याभरात पहिल्यांदा खळखळून हसली.

मग तिनं सांगितलं. होस्टेलवर त्या पाचजणी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायच्या. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा हा खेळ 1974 मध्ये बाजारात आला. यात पट नसला तरी चालतो. एकजण गोष्टीतलं जग सांभाळतो, तो गेम मास्टर. बाकीचे एकेक पात्र घेतात. गेम मास्टर सांगतो, ‘समोर नदी आहे, पूर आलाय. तू काय करतेस?’ आणि आपण सांगायचं. जमेल की नाही असं काम असलं, तरच फासा टाकायचा.

‘अगं, ही तर भातुकली!’ मी म्हणाले. आपण नाही का, लहानपणी आई व्हायचो, सासू व्हायचो, पाहुणे यायचे, बोळक्यातला भात करपायचा? फक्त भात करपला की नाही, ते इथं फासा ठरवतो.

‘मला शिकव,’ म्हटलं. ‘तू खेळणार?’ ‘नाही, खेळवणार.’

नियम तसे अवघड नाहीत. कामाची अवघडपणाची पायरी गेम मास्टरनं ठरवायची. सोपं असेल तर 10, मध्यम 15, कठीण 20. वीस बाजूंचा फासा टाकायचा, पात्राच्या अंगच्या कसबाचे दोन-चार गुण त्यात मिळवायचे, बेरीज तेवढी किंवा जास्त झाली की जमलं. नुसत्या फाशावर 15 गाठायचे तर वीसांतले सहाच आकडे कामाचे. म्हणजे ‘मध्यम’ म्हटलं तरी हरण्याचीच शक्यता जास्त. हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्या खेळासाठी मी दुरेघी वहीची बारा पानं भरली. आमच्या घोडेगावातून शनिशिंगणापूरचा फाटा फुटतो. बिनदारांच्या घरांचं ते गाव. तेच डोळ्यांसमोर ठेवून मी एक काल्पनिक गाव रचलं. कुठंच दार नाही, कुलूप नाही, आणि एका रात्री देवळाची घंटा चोरीला जाते. चोर जंगलात पळालाय, मुलांनी माग काढत तिकडं जायचं, असा माझा बेत.

ओट्यावर सगळे बसले. लेक, दोन पुतणे, धाकटी पुतणी. पुतणीनं पात्र घेतलं होतं कुलपं उघडण्यात पटाईत चोराचं. ती पहिल्याच फटक्यात रडकुंडीला आली. ‘काकू, इथं कुलूपच नाही, मी उघडू काय?’ मोठा पुतण्या जंगलात जाईना. त्याला बैलबाजारात जाऊन व्यापाऱ्याशी बोलायचं होतं. मी म्हटलं, बाजार बंद आहे. धाकटा म्हणाला, देवळाच्या छपरावर चढतो. मी म्हटलं, पडशील. तासाभरात सगळ्यांना ढकलत ढकलत जंगलात नेलं आणि चोर पकडून दिला. पोरं आंबे खायला पळाली.

लेक तेवढी थांबली. फासे गोळा करत म्हणाली, ‘आई, तू गोष्ट छान सांगितलीस. पण आम्हाला खेळू दिलंच नाहीस.’

त्या रात्री मला झोप लागली नाही. बाजार बंद आहे, चढू नकोस, पडशील. हे मी फक्त खेळात म्हणाले होते का?

दुसऱ्या खेळाला मी एकच पान लिहिलं. गाव कसं, माणसं कोण, कुणाला काय हवंय. बस. पुढं काय घडणार, ते लिहिलंच नाही. पुतणीसाठी सावकाराची एक कुलूपबंद पेटी ठेवली. बैलबाजारही उघडला. तिथं पुतण्यानं कमालच केली. व्यापाऱ्याशी बोलताना टॉवेलाखाली हात घालून बोटं दाबून सौदा करायला लागला! मला त्यातलं काही कळेना. पलीकडं अडकित्ता घेऊन बसलेले आबा, म्हणजे माझे सासरे, पुढं सरकले. ‘सरक, व्यापारी मी होतो.’ आयुष्यभर बाजार केलेला माणूस. पुढचा अर्धा तास खेळ आबांनीच चालवला.

शेवटी घंटा सापडली. एका मेंढपाळाच्या पोरानं नेली होती. आता याला पाटलाच्या ताब्यात द्यायचं, असं मी मनात धरलेलं. लेक म्हणाली, ‘मी त्याला सोडून देते. पाटलाला सांगते, घंटा ओढ्यात सापडली.’

‘असं कसं?’ अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. ‘बरं. पाटलाला पटवायला 15 लागतील.’

फासा पडला. चार. कसबाचे तीन मिळवून सात. म्हणजे पाटलाला खोटं कळलं, आता गाव हिला हाकलणार. लेकीचा चेहरा बघून माझा हात फाशाकडं गेला. ‘कोपऱ्याला अडकला गं, पुन्हा टाक.’

‘नको आई. पडलं ते पडलं. आता काय करायचं, ते मी बघते.’

आणि तिनं बघितलं. सगळ्या गावाला गोळा करून खरं काय ते सांगून टाकलं. पाटील चिडलाच, पण आबा म्हणाले, मी व्यापारी पोराला गुराख्याचं काम देतो. मी गप्प बसून ऐकत होते. गेम मास्टरचं निम्मं काम हेच असतं, हे त्या दिवशी समजलं. विचारायचं आणि थांबायचं.

रात्री गच्चीवर पापड गोळा करताना लेक आपणहून बोलायला लागली. वर्गात काहीच कळत नव्हतं, दोन विषय राहिले, सांगायची भीती वाटली. माझ्या जिभेवर दहा सल्ले होते. म्हटलं, ‘बरं. मग आता तू काय करतेस?’ ती बराच वेळ बोलली नाही. मीही थांबले.

अजून तिचं ठरलेलं नाही. कधी बी.ए. म्हणते, कधी तेच विषय पुन्हा देते म्हणते. जून तोंडावर आलाय, माझा जीव वरखाली होतो. पण ताट धुऊन ती आता ओट्यावर येऊन बसते.

तुम्हाला खेळवून बघायचं असेल, तर तीन-चार मुलं, दोन तास आणि एक पान पुरे. मूळ नियम इंटरनेटवर फुकट मिळतात. फासे नसले तरी अडत नाही. 1979 च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा कंपनीनंच खोक्यात आकड्यांचे पुठ्ठ्याचे तुकडे घालून दिले होते. आपण स्टीलच्या डब्यात एक ते वीसच्या चिठ्ठ्या टाकायच्या. फक्त चिठ्ठी निघाली की ती परत डब्यात टाकायची. आणि हो, आकडा वाईट आला तरी बदलायचा नाही.